मूसच्या शिकारीसाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे

मूसच्या, म्हणजे थंड प्रदेशातल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला पहिल्यांदा निघालेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: सर्वांत ताकदवान काडतूस कोणते? चूक तिथेच होते. काडतुसाचे नाव हा या निवडीतला शेवटून दुसरा निर्णय आहे. त्याआधी कायद्याची किमान अट, जंगलातले खरे अंतर, गोळीची घडण आणि स्वतःचा खांदा या चार गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. स्वीडनमध्ये राहणाऱ्या, शिकारीची परीक्षा उत्तीर्ण होऊन गावच्या शिकारी गटात नुकतेच दाखल झालेल्या काही मराठी मित्रांना मी गेल्या काही हंगामांत याच क्रमाने विचार करायला लावला. क्रम उलटा झाला, तर पैसे तर जातातच, शिवाय पाचशे किलोचे जनावर जखमी होऊन दाट सूचिपर्णी जंगलात नाहीसे होऊ शकते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे या विषयातले घरगुती शहाणपण आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही. म्हणून येथे सगळे मुळापासून मांडले आहे. आकडे आणि नियम स्वीडनचे आहेत. हिशेबाची रीत मात्र फिनलंड, कॅनडा किंवा अलास्का येथेही उपयोगी पडेल.

पायरी १: शब्द नीट समजून घ्यावेत

मराठीत आपण काडतुसालाही गोळी म्हणतो आणि गोळीलाही गोळीच म्हणतो. दुकानात उभे असताना ही सवय महागात पडते. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्याच्या बुडाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असा संपूर्ण ऐवज. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून जनावरापर्यंत पोहोचणारा धातूचा तुकडा. एकाच नावाच्या काडतुसात आठ-दहा प्रकारच्या गोळ्या मिळतात आणि त्यांतल्या निम्म्या मूससाठी अयोग्य असू शकतात. म्हणून "मी .३०८ वापरतो" हे उत्तर अर्धेच आहे. ".३०८ विंचेस्टर, ११.७ ग्रॅम, शिसे आणि आवरण एकजीव केलेली गोळी" हे पूर्ण उत्तर.

वजन आणि गतीची एककेही येथेच पक्की करावीत. अमेरिकी पाकिटावर वजन ग्रेनमध्ये असते; १५.४३ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम. ऊर्जा फूट-पाउंडात दिलेली असेल, तर तिला १.३५६ ने गुणल्यावर ज्यूल मिळतात. अमेरिकी तक्त्यातले १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, १०० मीटर नव्हेत.

पायरी २: कायद्याची किमान अट आणि तिचा हिशेब

स्वीडनमध्ये मूससाठी पहिल्या वर्गाची काडतुसे लागतात. अट दुपदरी आहे. गोळी किमान ९ ग्रॅमची असेल, तर १०० मीटरवर तिची ऊर्जा किमान २७०० ज्यूल असावी लागते. गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल, तर १०० मीटरवर २००० ज्यूल पुरतात. गोळी जनावराच्या शरीरात गेल्यावर फुलणारी असली पाहिजे. टोकापर्यंत कठीण आवरणाने झाकलेली, न फुलणारी गोळी मूससाठी चालत नाही.

सर्वांत जास्त गफलत होते ती या दुपदरी अटीत. ज्यूलमधली ऊर्जा काढण्यासाठी किलोग्रॅममधले वजन गुणिले मीटर प्रति सेकंदातल्या गतीचा वर्ग, भागिले दोन, एवढेच सूत्र लागते. उदाहरणादाखल ६.५×५५ या ६.५ मिलिमीटरच्या काडतुसाची दोन पाकिटे समोर ठेवू. पहिल्यात ९.१ ग्रॅमची गोळी असून १०० मीटरवर तिची गती ७४० मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ऊर्जा सुमारे २४९० ज्यूल. दुसऱ्यात १०.१ ग्रॅमची गोळी असून १०० मीटरवर तिची गती ७०० आहे, म्हणजे ऊर्जा सुमारे २४७५ ज्यूल. ऊर्जा जवळपास सारखी, किंबहुना दुसरीची थोडी कमीच. तरीही दुसरे पाकीट कायद्यात बसते आणि पहिले बसत नाही. दोन्ही पाकिटांवर नाव एकच, रायफल एकच, नळीही एकच. फरक आहे तो एका ग्रॅमचा.

१५० ग्रेनच्या गोळीबाबतही अशीच चूक होते. तिचे वजन ९.७ ग्रॅम भरते, म्हणजे ती दहाच्या आतली. तिला २७०० ज्यूलचीच अट लागते. .३०८ मध्ये ती सहसा ही अट पार करते, पण आखूड नळीतून काय होईल ते पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये.

तपासणी: पाकिटावरचा किंवा उत्पादकाच्या तक्त्यातला १०० मीटरचा आकडा पाहिला ना? नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा पाहून निर्णय घेतला असेल, तर हिशेब पुन्हा करावा. खरेदीच्या वेळी लागू असलेला नियम संबंधित सरकारी संस्थेच्या मजकुरातून स्वतः वाचावा. गटातल्या जुन्या माणसाची आठवण दहा वर्षांपूर्वीच्या नियमाची असू शकते.

पायरी ३: आपल्या जंगलातले खरे अंतर मोजावे

शिकारी गटाच्या प्रमुखाबरोबर आधीच एक फेरी मारावी आणि आपल्याला मिळू शकणाऱ्या प्रत्येक ठिय्यावर, म्हणजे मूसची वाट पाहत थांबायच्या जागेवर, उभे राहून अंतरमापकाने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जवळात जवळ मूस कुठे दिसेल, लांबात लांब कुठे दिसेल, आणि गोळी आरपार गेल्यास ती जमिनीत कुठे रुतेल. कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या जंगलातल्या शिकारीत बहुतेक बार शंभर मीटरच्या आतच टाकले जातात, आणि चाळीस मीटर हे अंतर अगदी नेहमीचे आहे. तोडलेल्या जंगलाच्या मोकळ्या पट्ट्यावर किंवा दलदलीच्या काठावर अंतर दीडशेपर्यंत जाते. तीनशे मीटरची तयारी करून आलेला माणूस चाळीस मीटरवर जे काडतूस वापरतो ते बहुधा चुकीचे असते, कारण त्याची हलकी, वेगवान गोळी इतक्या जवळून खांद्यावर आदळली की फार लवकर फुटते.

अलास्कात किंवा युकॉनमध्ये नदीकाठच्या मोकळ्या प्रदेशात अंतरे वाढतात आणि जनावरेही मोठी असतात. तिथले नर सहाशे किलोच्या पुढे जातात. स्वीडनमधला मोठा नर साधारण चार-पाचशे किलोंचा असतो. तिथल्या सल्ल्यावरून स्वीडनच्या जंगलासाठी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचे आणि जास्त ताकदीचे काडतूस, घेणे हे कोकणातल्या पावसाचा अंदाज घेऊन माणदेशात शेती करण्यासारखे आहे.

पायरी ४: गोळीची निवड

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मूस मरतो तो गोळीच्या धक्क्याने नव्हे. दोन्ही फुप्फुसे फाटून रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त मिळेनासे होते, तेव्हा तो पडतो. म्हणून गोळीला दोन कामे एकाच वेळी जमली पाहिजेत: आत शिरल्यावर फुलून रुंद जखम करणे, आणि तरीही दोन-अडीच विती रुंदीची छाती, बरगड्या आणि वेळ पडल्यास खांद्याचे हाड पार करून पलीकडे बाहेर पडणे. बाहेर पडण्याच्या छिद्राचे महत्त्व नवशिक्याला कळत नाही. मूसची कातडी जाड, केस दाट, आणि आत शिरतानाचे छिद्र बोटाएवढे. पलीकडचे छिद्र नसेल तर रक्त छातीच्या पोकळीतच साठते आणि ब्लूबेरीच्या झुडपांवर माग काढायला थेंबही सापडत नाही.

बाजारातल्या गोळ्यांचे ढोबळ मानाने चार प्रकार होतात.

साध्या मऊ टोकाच्या गोळीत तांब्याच्या पातळ आवरणात शिशाचा गाभा असतो. ६.५×५५ किंवा ९.३×६२ सारख्या मध्यम गतीच्या काडतुसात जड वजनाची अशी गोळी चांगले काम करते. मॅग्नमच्या गतीला मात्र तिचा गाभा आवरणातून निसटतो आणि हाडावरच तिचे तुकडे होतात.

एकजीव केलेल्या गोळीत शिसे आणि आवरण एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ती फुलते, पण तिचे बहुतेक वजन टिकून राहते. नॉर्माची ऑरिक्स, नॉस्लरची अॅक्युबाँड, स्विफ्टची ए-फ्रेम ही यातली परिचित नावे. शिसे वापरायची मुभा असेल आणि मला एकच प्रकार सुचवायला सांगितला, तर मी हा सुचवीन.

पडदा असलेल्या गोळीत मध्ये तांब्याची भिंत असते. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग शाबूत राहून आत जातो. नॉस्लरची पार्टिशन ही त्यातली जुनी आणि ओळखीची.

अखंड तांब्याच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या गोळीत शिसे नसतेच. बार्न्सची टीएसएक्स आणि लापुआची नॅचरॅलिस या त्यातल्या. त्या खोल जातात आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, त्यामुळे आज रायफल घेणाऱ्याने पुढची वीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवून हा पर्याय आधी तपासावा.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तांबे शिशापेक्षा हलके असते, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. ६.५ मिलिमीटरच्या नळीसाठी तांब्याच्या गोळ्या बहुतकरून ७.८ ते ८.४ ग्रॅमच्या मिळतात. त्या ९ ग्रॅमच्याच खाली आहेत, म्हणजे गती कितीही असली तरी पायरी २ मधल्या अटीत बसत नाहीत. शिसे नको असे ज्याने ठरवले आहे, त्याने ६.५ च्या मोहात पडण्याआधी हे पाहावे. .३० कॅलिबरमध्ये (कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, येथे इंचात) १६५ ग्रेनची, म्हणजे १०.७ ग्रॅमची तांब्याची गोळी सहज मिळते आणि प्रश्न सुटतो.

सावधान: प्रत्येक फुलणाऱ्या गोळीला फुलण्यासाठी किमान गती लागते आणि तांब्याच्या गोळीला ती शिशाच्या गोळीपेक्षा बहुधा जास्त लागते. उत्पादकाने दिलेली ही गती आपल्या लांबात लांब अंतरावर शिल्लक राहते का, ते तक्त्यात पाहावे. लक्ष्याच्या कागदावर एकाच भोकात पाच बार बसवणारी स्पर्धेची गोळी जनावरावर वापरू नये. ती त्यासाठी केलेली नसते.

पायरी ५: खांद्याची खरी क्षमता

स्वीडनमध्ये आल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी एका ओळखीच्या माणसाची .३०० विंचेस्टर मॅग्नम सरावासाठी घेतली होती. पाचव्या बारानंतर गोळ्या लक्ष्याच्या खाली आणि डावीकडे जाऊ लागल्या. रायफलवरची नेमाची दुर्बीण हलली असावी, असे मी ठामपणे सांगत होतो. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने काही न बोलता रायफल मागितली, माझ्याकडे पाठ करून ती भरली आणि परत दिली. मी नेम धरला, चाप ओढला आणि फक्त टक् असा आवाज झाला. आत सरावाचे रिकामे काडतूस होते. बार झालाच नव्हता, तरी नळीचे टोक वीतभर खाली गेलेले मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. डोळे मिटले होते, उजवा खांदा पुढे ढकलला गेला होता. दुर्बिणीत काहीच बिघाड नव्हता. पुढचे दोन महिने मी हलक्या काडतुसावर ती सवय मोडत होतो.

ही परीक्षा प्रत्येकाने द्यावी. मैदानावर, रायफलच्या मालकाच्या उपस्थितीत, आपण विचारात घेतलेल्या काडतुसाचे दहा बार टाकावेत आणि मधूनमधून दुसऱ्याने, आपल्याला न कळता, सरावाचे काडतूस भरावे. नळी हलत असेल, तर ते काडतूस आज आपले नाही. साधारण सारख्या वजनाच्या रायफलमध्ये .३३८ विंचेस्टर मॅग्नमचा धक्का .३०८ च्या जवळपास दुप्पट असतो, तर ६.५×५५ चा धक्का .३०८ पेक्षाही स्पष्टपणे सौम्य असतो. ज्याला वर्षाला दोनशे बारांचा सराव झेपतो असे मध्यम काडतूस हे, ज्याचे वीस बारही नकोसे वाटतात अशा जबरदस्त काडतुसापेक्षा मूससाठी अधिक खात्रीचे असते, कारण पोटात लागलेली मोठी गोळी फुप्फुसात लागलेल्या लहान गोळीची बरोबरी करू शकत नाही.

तपासणी: फिनलंडच्या मूस परीक्षेत ७५ मीटरवर, ९० सेकंदांत, चार गोळ्या २३ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. आपण कुठेही राहत असलो तरी हा मापदंड स्वतःला लावून पाहावा, आणि तोही टेबलावर रायफल टेकवून नव्हे.

पायरी ६: आता काडतुसाचे नाव

वरच्या चार उत्तरांचा कागद हातात असेल, तर यादी आपोआप आखूड होते.

ज्याचा खांदा हलका आहे, जो शंभर मीटरच्या आत थांबायला तयार आहे आणि ज्याला शिशाची गोळी चालते, त्याने ६.५×५५ मध्ये १०.१ ग्रॅमची एकजीव गोळी घ्यावी. लांबट आणि जड असल्यामुळे ती तिच्या आकाराच्या मानाने खोल जाते. ६.५ क्रीडमूरबाबत मात्र पायरी २ पुन्हा वाचावी: तिच्या लोकप्रिय ९.१ ते ९.३ ग्रॅमच्या गोळ्या २७०० ज्यूलच्या रेषेवर किंवा किंचित खाली रेंगाळतात.

ज्याला एकाच रायफलीने सगळे करायचे आहे, त्याच्यासाठी .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ स्प्रिंगफील्ड. ११.७ ग्रॅमच्या गोळीसह १०० मीटरवर पहिली सुमारे ३१०० आणि दुसरी सुमारे ३३०० ज्यूल देते. दोघींतला फरक मूसला कळत नाही. काडतुसे गावच्या दुकानातही मिळतात, आणि ऐन हंगामात हा मुद्दा लहान नसतो. नवशिक्यासाठी माझे मत स्पष्टपणे याच दोघींच्या बाजूने आहे.

ज्याचे ठिय्ये जवळचे आहेत आणि खांदा सरावलेला आहे, त्याने ९.३×६२ पाहावी. १८.५ ग्रॅमची गोळी मध्यम गतीने जाते, खोल शिरते, आणि हळू असल्यामुळे मांस कमी नासवते. मॅग्नमची गरज मोकळ्या प्रदेशात आणि लांब अंतरावर असते. जंगलातल्या चाळीस मीटरवर हलक्या मऊ गोळीच्या मॅग्नमने मूसचा अख्खा खांदा काळा-निळा होतो आणि वाटणीच्या वेळी ते मांस टाकून द्यावे लागते.

पायरी ७: रायफल, परवाना आणि नळीवरचा शिक्का

स्वीडनमध्ये पोलीस परवाना देतात तो ठरावीक शस्त्रासाठी, त्याच्या कॅलिबरसह. म्हणून काडतूस ठरल्यानंतरच रायफल शोधावी आणि मग अर्ज करावा. दुकानात सुबक लाकडी दस्त्याची रायफल पाहून आधी अर्ज करणारे पुढे तिच्यासाठी योग्य गोळी शोधत बसतात.

नळीवर कोरलेले नाव आणि पाकिटावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. ८×५७ जेएस आणि जुनी ८×५७ जे यांच्या गोळ्यांचा व्यास वेगळा असतो. जाड गोळी अरुंद नळीत गेली तर दाब धोकादायक होतो. ९.३×६२ आणि ९.३×७४ आर, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम या जोड्याही वेगळ्या आहेत. एका खिशात दोन प्रकारची काडतुसे कधीही ठेवू नयेत.

नळीची लांबीही लिहून घ्यावी. आवाज कमी करणारे नळकांडे बसवता यावे म्हणून इथे ४७ ते ५१ सेंटिमीटरच्या आखूड नळ्या सर्रास वापरतात, पण पाकिटावरची गती बहुधा ६० सेंटिमीटरच्या आसपासच्या नळीतून मोजलेली असते. कमी झालेल्या दर अडीच सेंटिमीटरमागे सेकंदाला पाच ते दहा मीटर गती घटते असे धरून, रेषेवरचे काडतूस असल्यास पायरी २ चा हिशेब पुन्हा करावा. लांब तांब्याची गोळी घ्यायची असेल, तर नळीच्या आतल्या, गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचांच्या पिळाचा वेग तिला पुरतो का, हेही विक्रेत्याला विचारावे.

पायरी ८: मैदानावरची पडताळणी

तीन वेगवेगळ्या उत्पादकांचे एकेक पाकीट आणावे. रायफली लहरी असतात. जी गोळी शेजाऱ्याच्या नळीतून अचूक जाते ती आपल्या नळीतून विखुरलेली जाऊ शकते. थंड नळीतून तीन-तीन बारांचे गट टाकून जी गोळी सर्वांत जवळजवळ बसते ती निवडावी, आणि मग त्याच उत्पादन-क्रमांकाची पाकिटे एकदम घ्यावीत. १०० मीटरवर नेमाच्या ४ सेंटिमीटर वर गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर .३०-०६ सारख्या काडतुसात दीडशे मीटरपर्यंत नेम वर-खाली धरावा लागत नाही.

सावधान: गोळीचा प्रकार किंवा वजन बदलले, की दुर्बीण पुन्हा जुळवावीच लागते. "तेच काडतूस आहे" हे कारण पुरेसे नाही.

पायरी ९: हंगामाच्या पहिल्या दिवसाआधी

उत्तर स्वीडनमध्ये मूसचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आणि दक्षिणेत ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी उघडतो. त्याच्या आदल्या आठवड्यात, प्रवासात रायफल आपटली असो वा नसो, दोन बार टाकून नेम पाहावा. जखमी मूसचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा दोन तासांच्या आत पोहोचू शकेल अशी सोय कायद्यानेच बंधनकारक आहे. त्या कुत्र्याच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून काडतुसांच्या पाकिटातच ठेवावा.

बार लागल्यावर मूस बऱ्याचदा काहीच घडले नाही अशा थाटात चालत राहतो. गोळी फुप्फुसांतून गेली असली तरी पन्नास-साठ पावले तो सहज जातो. अशा वेळी घाईने मागे धावू नये. मात्र तो उभा असेल आणि मागची बाजू सुरक्षित असेल, तर दुसरा बार लगेच टाकावा. पडल्यानंतर, गोळी आत कुठे शिरली, बाहेर कुठे पडली, अंतर किती होते आणि जनावर किती चालले हे वहीत लिहावे. गोळी शिशाची असेल तर सोलताना जखमेच्या वाटेभोवतालचे साधारण १० सेंटिमीटर मांस कापून वेगळे काढावे, आणि कातडीखाली अडकलेली गोळी सापडली तर ती धुऊन, तोलून, तिचे उरलेले वजन त्याच पानावर नोंदवावे.